‘जनतेचा आवाज हाच देवाचा आवाज’: आल्क्विन नेमकं काय म्हणाला?

निवडणुका आल्या की एक फॉरवर्ड फिरू लागतो: ‘जनतेचा आवाज हाच देवाचा आवाज, असं आठव्या शतकातल्या आल्क्विन या धर्मगुरूनं राजाला सुनावलं होतं.’ खाली ‘आपलं पाचामुखी परमेश्वर!’ अशी जोडही असते.

वाक्य आल्क्विनच्या पत्रात आहे, पण अर्थ नेमका उलटा. इंग्लंडमधल्या यॉर्कचा हा विद्वान फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याचा सल्लागार होता. साधारण 798 च्या सुमाराचं हे पत्र शार्लमेनलाच उद्देशून आहे. त्यात तो सांगतो की, जनतेचा आवाज म्हणजे देवाचा आवाज असं जे म्हणत असतात त्यांचं ऐकू नका. जमावाचा गोंगाट नेहमीच वेडाच्या जवळ असतो. त्याच्या आधीच लिहिलंय, लोकांना वाट दाखवायची असते, त्यांच्या मागे जायचं नसतं. फॉरवर्डवाल्यांनी ‘ऐकू नका’ तेवढं गाळलं. थोडक्यात, म्हण त्याची नाहीच. ती आधीपासून लोकांच्या तोंडी होती आणि त्याला खुपत होती.

हे वाक्य मनापासून (की सोयीनं?) वापरणारा धर्मगुरू हवाच असेल, तर 1327 च्या इंग्लंडमध्ये जा. राजा दुसऱ्या एडवर्डला गादीवरून उतरवताना कँटरबरीचा आर्चबिशप (इंग्लंडमधला सर्वोच्च धर्मगुरू) वॉल्टर रेनल्ड्सनं याच वचनावर प्रवचन दिलं. गंमत म्हणजे त्याला आर्चबिशपपद मिळालं होतं एडवर्डच्याच मर्जीनं. आणि त्याची ‘जनता’ मुख्यतः सरदार, बिशप, नाइट आणि लंडनचे वजनदार नागरिक; नांगर धरणारा कुळवाडी त्यात नव्हता.