सिसेरोचं न केलेलं भाषण

प्राचीन रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो याचं नाव निघालं की लोक कॅटिलिनाविरुद्धच्या, म्हणजे सत्ता उलथवण्याचा कट रचणाऱ्या उमरावाविरुद्धच्या, भाषणांबद्दल बोलतात. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण दिसतं ते इ.स.पू. ७० मध्ये, व्हेरेसच्या खटल्यात.

व्हेरेस तीन वर्षं सिसिलीचा सुभेदार होता. शेतकरी नागवले, देवळांतल्या मूर्तीही सोडल्या नाहीत. सिसेरोने पूर्वी तिथे नोकरी केली होती, हात स्वच्छ ठेवून. म्हणून सिसिलीकर त्याच्याकडेच गेले. पुरावे गोळा करायला त्याने ११० दिवस मागून घेतले आणि ५० दिवसांत गावोगाव फिरून काम उरकलं.

समोर वकील होर्टेन्सियस, तेव्हाचा रोमचा पहिल्या क्रमांकाचा वक्ता आणि पुढच्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. उत्सवांच्या सुट्ट्या तोंडावर आलेल्या. खटला रेंगाळवून नव्या वर्षात ढकलायचा, मग न्यायालयही आपलंच, असा व्हेरेसच्या बाजूचा हिशेब. सिसेरोने काय करावं? आरंभीच्या लांबलचक भाषणाची रीतच मोडली. थोडक्यात बोलला आणि थेट साक्षीदार उभे केले. निकालाआधीच व्हेरेस मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, निघून गेला. एवढा मोठा वक्ता, ऐन मोक्याला भाषण बाजूला ठेवतो! मला तर हे वाचताना आजही भरून येतं.

पुढची पाच भाषणं कोर्टात झालीच नाहीत, लिहून प्रसिद्ध केली. शेवटच्या भाषणात गावियस येतो. सिसिलीतल्या मेसाना शहराच्या चौकात फटके खाताना तो एवढंच म्हणत राहिला, "मी रोमन नागरिक आहे." व्हेरेसने त्याला क्रुसावर चढवलं, तेही सामुद्रधुनीपलीकडची इटली दिसेल अशा जागी.

हे लिहिणारा माणूस इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल झाला आणि ५ डिसेंबरला पाच रोमन नागरिकांना खटला न चालवता तुरुंगात गळा आवळून मारवलं. ते कॅटिलिनाच्या कटात होते, सिनेटचा कौलही होता, सगळं मान्य. पण लोकांच्या निवाड्याशिवाय नागरिकाला देहदंड नाही, हा कायदा त्याला कुणी शिकवायला हवा होता का? सीझर तर जन्मठेप सुचवत होता. इथे मी सिसेरोची बाजू घेऊ शकत नाही, कितीही प्रेम असलं तरी. पाच वर्षांनी याच कारणावरून त्याला हद्दपार व्हावं लागलं, पॅलाटाइनवरचं घर पाडलं गेलं.

इ.स.पू. ४३ मध्ये, सीझरच्या खुनानंतर सत्ता हाती घेतलेल्या अँटनी आणि ऑक्टेव्हियनच्या मंडळींनी मारायच्या लोकांची यादी काढली. तीत सिसेरो होता. व्हेरेसही होता, आपली कोरिंथची काशाची भांडी तो अँटनीला देईना म्हणून, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. या वेळी खटला दोघांवरही चालला नाही.