संगीत बंद, म्हणजे साउंड कार्ड मेलं?

माळ्यावरचं ४८६ किंवा पेंटियम प्रोसेसरचं जुनं मशीन खाली काढून त्यावर डॉसचे (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचे) गेम खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. त्याचा गोषवारा असा: गेम चालतो पण संगीत येत नाही, तर साउंड कार्ड गेलं समजा. आवाजाचं सगळं काम एकच चिप करते, त्यामुळे अर्धा बिघाड असा प्रकार नसतो. मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलीत ब्लास्टरची ओळ, म्हणजे कार्ड कुठे बसलंय ते सांगणारी ओळ, टाकून पाहा. तरीही गेम 'कार्ड सापडलं नाही' म्हणाला तर कार्डावरचे कपॅसिटर बदला. तेवढा खटाटोप नको असेल तर शेवटच्या काळातलं एखादं मोठं कार्ड घ्या, त्यावर जुनं सगळं चालतं.

या सल्ल्यापायी धडधाकट कार्डं भंगारात जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

'एकच चिप' या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून निघतो. क्रिएटिव्हचं पहिलं साउंड ब्लास्टर १९८९ चं. त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही एफएम चिप होती. १९८७ च्या ॲडलिब कार्डावरही हीच चिप होती. संगीत ती तयार करते. बंदुकीचा बार, दाराची करकर, राक्षसाचं गुरगुरणं हे मात्र आधी रेकॉर्ड केलेले आवाज. ते कार्डाचा दुसराच भाग वाजवतो, ज्याला क्रिएटिव्हवाले डीएसपी म्हणत. एफएम चिपशी गेम ३८८ या पोर्टवर, म्हणजे पत्त्यावर, बोलतो आणि तिला ना आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची तार) लागतो, ना डीएमए (मेमरीतून माहिती थेट आणायची वाट). डीएसपी बहुतेक वेळा २२० वर असतो आणि त्याला दोन्ही लागतात. बाहेरून जोडायच्या मिडी यंत्राची (सुरांच्या सूचना घेऊन वाजवणाऱ्या) वाट तिसरी, ३३० पोर्टची. आणि सीडीवरचं संगीत तर प्रोसेसरला वळसा घालून ड्राइव्हमधून निघालेल्या तारेनं थेट कार्डावर येतं. या वाटा एकत्र येतात त्या फार तर मिक्सरपाशी, म्हणजे सगळे आवाज मिसळणाऱ्या भागापाशी. त्याआधी त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो.

म्हणजे अर्धा बिघाड हाच नेहमीचा प्रकार, आणि काय वाजतंय यावरूनच काय बिघडलंय ते कळतं. संगीत ठणठणीत पण बार ऐकू येत नाहीत, तर आयआरक्यू किंवा डीएमए तपासा. पहिला आवाज निघून सगळं थांबतं किंवा आवाजाचा तोच तुकडा घोळत राहतो, हे आयआरक्यू चुकल्याचं ठरलेलं लक्षण: तुकडा संपल्याचा निरोप गेमपर्यंत पोचतच नाही. उलट बार ऐकू येतात आणि फक्त संगीत नाही, तर आयआरक्यूच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

यासाठी 'डूम'इतकं सोपं उदाहरण नाही. १९९३ च्या या गेमचा सेटअप संगीताचं कार्ड आणि आवाजांचं कार्ड असे दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो. दुसऱ्याला लोक न चुकता साउंड ब्लास्टर निवडतात. पहिल्याला जनरल मिडी (बाहेरच्या मिडी यंत्रांसाठी ठरवलेला वाद्यांचा क्रम) निवडतात, कारण ते भारी असतं असं कुठेतरी ऐकलेलं असतं. ३३० वर काहीही जोडलेलं नसतं. गेम इमानेइतबारे त्या पोर्टवर सूर पाठवत राहतो, ते हवेत जातात, आणि पडद्यावर चुकीचा एक शब्दही उमटत नाही. सेटअपमध्ये परत जाऊन संगीतालाही साउंड ब्लास्टर निवडलं की पहिल्याच लेव्हलला गिटार सुरू! हा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे आणि फिरत्या सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. यानंतरही एफएम गप्प असेल तर मिक्सर पाहा. साउंड ब्लास्टर १६ च्या मिक्सरमध्ये मिडी, वेव्ह, सीडी यांचे आवाज वेगवेगळे कमीजास्त होतात, आणि आधीच्या मालकानं त्यातला एखादा शून्यावर नेऊन ठेवलेला असू शकतो.

आता ब्लास्टरची ओळ. ए२२०, आय५, डी१, एच५, पी३३०, टी६ अशी ती असते: पोर्ट, आयआरक्यू, दोन डीएमए, मिडीचा पोर्ट आणि कार्डाचा प्रकार. ही ओळ टाकायला हरकत नाही, टाकावीच. पण ती कार्डाला काही सांगत नाही. कार्ड कुठे बसलंय एवढंच गेमला सांगते. दारावरची पाटी बदलली म्हणून घर हलत नाही. साउंड ब्लास्टर २.० किंवा प्रो हातात घेऊन नीट पाहिलंत तर पिनांच्या जोड्या दिसतील, शेजारी बारीक अक्षरात आकडे छापलेले, आणि एका जोडीवर काळी टोपी. टोपी ७ वर आणि ओळीत आय५, असं असेल तर ओळ कितीही वेळा लिहा.

नंतरच्या प्लग अँड प्ले, म्हणजे प्रोग्रॅमनं जागा ठरवायच्या, कार्डांवर आयआरक्यूसाठी टोप्याच नाहीत. तिथे मशीन सुरू होताना सीटीसीएम हा क्रिएटिव्हचा प्रोग्रॅम चालावा लागतो. बायॉसनंही (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमनं) कार्डाला जागा दिलेली नसेल आणि हा प्रोग्रॅमही चालला नसेल, तर २२० वर कोणी हजरच नसतं, मग गेमला सापडणार काय?

शिवाय जागेवर दुसराच कोणी बसलेला असतो. पहिल्या प्रिंटर पोर्टचा आयआरक्यू ७ असतो. तोच पोर्ट बायॉसमध्ये ईसीपी या जलद प्रकारावर केलेला असेल तर तो डीएमएही मागतो, कधी ३, तर कधी नेमका १. पीसीआय या नव्या प्रकारच्या खाचा असलेल्या बोर्डांवर आयआरक्यू ५ एखाद्या नेटवर्क कार्डाला दिला गेलेला असतो. बायॉसमध्ये तो 'लीगसी आयएसए'साठी, म्हणजे जुन्या प्रकारच्या खाचेतल्या कार्डांसाठी, राखून ठेवावा लागतो. ॲडाप्टेकचं १५४२ हे डिस्क जोडायचं स्कझी कार्ड असेल तर ते मुळातच ३३० वर बसतं, म्हणजे मिडीशी थेट भांडण. प्रिंटर लावायचा नसेल (या मशीनला कोण लावतो?) तर तो पोर्ट बायॉसमधून बंदच करून टाकावा.

ओळीतला शेवटचा टीही लोक डोळे झाकून ६ लिहितात. ६ म्हणजे साउंड ब्लास्टर १६. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसींत मात्र ईएसएस, यामाहा, क्रिस्टल असल्या चिपांची स्वस्त कार्डं असत. ईएसएसचं १८६८ घ्या. ते साउंड ब्लास्टर प्रोसारखं वागतं, १६ सारखं नाही. गेमच्या सेटअपमध्ये १६ निवडलं की आवाज गप्प, आणि आळ कार्डावर. प्रो निवडा, ओळीत टी४ लिहा.

'कार्ड सापडलं नाही' या निरोपाची आणखी एक गंमत आहे, आणि तिच्यात कार्डाचा काहीच दोष नाही. ॲडलिबच्या चिपला पत्ता सांगितल्यावर ३.३ मायक्रोसेकंद आणि माहिती लिहिल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबावं लागतं. नीट लिहिलेले गेम हा वेळ पोर्ट पुन्हापुन्हा वाचून काढतात: पहिल्यासाठी ६ वेळा, दुसऱ्यासाठी ३५ वेळा. पोर्ट वाचायला लागणारा वेळ प्रोसेसर बदलला तरी फारसा बदलत नाही. पण काही जुने गेम नुसता आकडे मोजणारा रिकामा लूप फिरवतात. २८६ वर तो पुरेसा वेळखाऊ होता. पेंटियमवर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो, चिपचं उत्तर तयार होण्याआधीच गेम विचारून मोकळा होतो, आणि पडद्यावर येतं: ॲडलिब नाही. कधी ओळख पटते पण सूर गळतात किंवा भलतेच लागतात. उपाय मशीन हळू करण्याचा: टर्बोचं बटण असेल तर ते, नसेल तर बायॉसमधून प्रोसेसरची कॅश (त्याची वेगवान मेमरी) बंद. त्या मशीनवर कार्ड बदलून काय होणार? नवं कार्डही तेवढाच वेळ मागणार.

कपॅसिटरचं म्हणणं मात्र हवेतून आलेलं नाही. अमिगा ६००, १२०० आणि ४००० या कमोडोरच्या मशीनांवरचे पृष्ठभागावर चिकटवलेले कपॅसिटर खरोखर गळतात, आणि आवाज दबका होणं, एक बाजू बसणं ही त्याची ओळखीची लक्षणं. तिथे ते बदलायलाच हवेत, आवाज नीट असला तरीही, कारण गळलेलं पाणी बोर्ड खातं. बहुधा तिथलाच सल्ला उचलून पीसीला लावलेला दिसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. साउंड ब्लास्टरसारख्या कार्डांवर कपॅसिटर बहुतेक पाय आरपार सोल्डर केलेले, आणि ते बऱ्यापैकी टिकतात. त्याहून मोठा मुद्दा तर्काचा आहे. कार्डाच्या बाहेर पडायच्या टप्प्यावरचे कपॅसिटर एफएम आणि डीएसपी दोघांचे सामाईक असतात. बंदुकीचा बार खणखणीत येत असेल तर तो त्याच कपॅसिटरांतून आलेला आहे. मग त्यांना दोष कसा देणार? ते गेले तर सगळंच बसकं, घरघरतं किंवा एकांगी होईल. एकटं संगीत गायब होणार नाही. आणि सवय नसताना सोल्डर काढायला गेलं की बोर्डावरचा तांब्याचा पत्रा सुटून येतो. तेव्हा कार्ड खरोखर बिघडतं.

कार्डाकडे बघायचंच असेल तर आधी मागच्या पट्टीवरचं दातेरी चाक पाहा. जुन्या साउंड ब्लास्टरवर आणि प्रोवर आवाज कमीजास्त करायला ते असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून आत गंज धरतो आणि आवाज खरखरतो, एका बाजूनं जातो किंवा पूर्ण बंद होतो. मशीन बंद करून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवायचं. मग मदरबोर्डवर ३८६ आणि ४८६ च्या काळातली निळी किंवा हिरवी पिंपासारखी बॅटरी आहे का पाहा. ती गळली असेल तर आसपास हिरवट पांढरी बुरशी दिसेल, आणि तिथून निघालेली एखादी तार तुटलेली असू शकते. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहायला तर काहीच लागत नाही. काही सुरुवातीच्या ८ बिटी कार्डांना उणे ५ व्होल्ट लागतात, आणि अलीकडच्या एटीएक्स पॉवर सप्लायमध्ये ती तारच नसते. जुनी पेटी, नवा सप्लाय असं लग्न लावलेलं असेल तर हे आधी तपासा.

सीडीबद्दल सल्ल्यात अवाक्षर नाही, आणि माझ्या मते हा त्यातला सगळ्यात मोठा खड्डा. १९९६ च्या 'क्वेक'चं नाइन इंच नेल्सनं केलेलं संगीत गेमच्या फाइलींत नाहीच. ते डिस्कवर साध्या ऑडिओ सीडीसारख्या ट्रॅकांमध्ये आहे. पहिला ट्रॅक गेमचा, पुढचे गाण्यांचे. ड्राइव्हपासून साउंड कार्डाच्या 'सीडी इन'पर्यंत जाणारी चार तारांची बारीक केबल नसेल तर बार, किंकाळ्या सगळं येईल, संगीत नाही. ड्राइव्हच्या पुढच्या भोकात हेडफोन घालून ऐका: तिथे वाजतंय, स्पीकरवर नाही, तर केबल किंवा मिक्सरचा सीडीचा आवाज. तिथेही नाही, तर डिस्क पाहा. आयएसओ फाइलीवरून जाळलेल्या प्रतीत हे ट्रॅक येतच नाहीत; त्यासाठी बिन आणि क्यू अशा जोडीची प्रतिमा लागते.

राहिलं मोठं कार्ड. क्रिएटिव्हच्या एडब्ल्यूई६४ कार्डावर यामाहाच्या चिपऐवजी क्रिएटिव्हची स्वतःची सीक्यूएम आहे. ॲडलिबचं संगीत तिच्यावर वाजतं, पण रंग वेगळा, आणि कान तयार असेल तर खटकतो. साउंड ब्लास्टर १६ वर प्रोसाठी लिहिलेला स्टिरिओ आवाज मोनो होऊन येतो. त्याच १६ च्या डीएसपी ४.११ ते ४.१३ या आवृत्त्यांत मिडी आणि बार एकदम वाजू लागले की एखादा सूर अडकून राहतो. आणि साउंड ब्लास्टर लाइव्हसारखी पीसीआय कार्डं डॉसमध्ये साउंड ब्लास्टरचं निव्वळ सोंग आणतात: ईएमएम३८६ हा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम लागतो, वर मेमरीत बसून राहणारा आणखी एक प्रोग्रॅम लागतो, आणि स्वतःचा प्रोटेक्टेड मोड (प्रोसेसरचा ताबा स्वतःकडे घेणारी पद्धत) चालवणाऱ्या गेमांपुढे ते सोंग बऱ्याचदा उतरतं. पीसीआय खाचेत आयएसएच्या डीएमए तारा नसतातच. या कामाला जुनं, स्वस्त आयएसए कार्ड कितीतरी सरस.

रोलँडच्या एमटी-३२ वाल्यांसाठी एवढंच: १९८७ चं हे बाहेरून जोडायचं मिडी यंत्र आणि जनरल मिडी एक नव्हेत. एमटी-३२ साठी लिहिलेला गेम साउंड कॅनव्हास या रोलँडच्याच जनरल मिडी यंत्रावर वाजवला की बासरीच्या जागी भलतंच वाद्य येतं. जुने गेम रोलँडच्या एमपीयू-४०१ या मिडी जोडणीचा 'इंटेलिजंट' मोड मागतात, साउंड ब्लास्टर १६ चा ३३० पोर्ट तो देत नाही, म्हणून शांतता. सॉफ्टएमपीयू नावाचा छोटा प्रोग्रॅम ही उणीव भरून काढतो. आणि यंत्राच्या पट्टीवर बफर ओव्हरफ्लोचा निरोप आला तर बिघाड नाही. पहिल्या पिढीच्या एमटी-३२ ला गेमनं भराभर पाठवलेली माहिती झेपत नाही, एवढंच.

कार्डातला एफएमचा भाग खरोखर मरतो का? मरतो. पण तसं म्हणण्याआधी मशीन हळू करा, सेटअपमध्ये ॲडलिब निवडा, मिक्सरवर मिडीचा आवाज पूर्ण ठेवा. गेमला ३८८ वर चिप सापडते, तिचे टायमर उत्तर देतात, बार ऐकू येतात आणि तरीही संगीत नाही, तर वायएम३८१२ शेजारची वायएम३०१४ ही आकड्यांचा आवाज करणारी छोटी चिप किंवा तिच्यापुढचा ॲम्प्लिफायर यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. हळू मशीनवरही ३८८ वर कोणीच उत्तर देत नसेल, आणि दुसऱ्या बोर्डवरही तेच होत असेल, तर मात्र चिप गेली.