नाव@१२३ : 'परखड' यांच्या कमेंटला उत्तर, जरा लांबलंय

परखड,

(एवढंच नाव दिलंय तुम्ही, म्हणून तेच लिहिते. आणि मी 'दादा' नाही, ताई आहे. वर फोटो आहे माझा, झोडपायच्या आधी बघायला हरकत नव्हती.)

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की खातं हॅक झालं की 'तुमचाच पासवर्ड कच्चा होता' म्हणून कंपन्या हात झटकतात ते मला पटत नाही. उदाहरण अमेरिकेतल्या ट्वेन्टीथ्री अँड मी ह्या डीएनए तपासणाऱ्या कंपनीचं होतं. त्यावर तुमची कमेंट: "दाराला कुलूप न लावता झोपायचं आणि चोरी झाली की बिल्डरच्या नावाने रडगाणं गायचं. तुमच्यासारखे फॉर्म भरून देणारे दुकानदारच गावभर नाव@१२३ असले पासवर्ड वाटत फिरतात." पुढे अजून चार ओळी आहेत, त्यांच्याकडे नंतर येते.

आधी चूक कबूल करते. मी '६९ लाख खाती हॅक झाली' असं लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे, थेट हॅक झाली ती साधारण १४ हजार, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. पण हा आकडा तुमच्या बाजूने बोलतो असं वाटत असेल तर परत बघा. ह्या १४ हजार जणांनी दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरून फुटलेला पासवर्ड इथेही ठेवला होता, चोरांनी तेच लावून बघितले, आत शिरले, आणि तिथून नातेवाईक शोधून द्यायच्या सोयीतून माहिती ओढली ६९ लाख लोकांची. म्हणजे वाड्यातल्या एका खोलीला कुलूप नव्हतं आणि चोरी झाली जवळपास पाचशे खोल्यांत. बाकीच्यांची कुलपं जागेवरच होती की! त्यांना काय सांगणार तुम्ही? ती सोय त्यांनीच चालू केली होती म्हणाल, तर हो, केली होती, चुलतभाऊ सापडावा म्हणून. एप्रिल २०२३ च्या शेवटापासून पाचेक महिने हे चाललं, कंपनीला पत्ता नाही, आणि नंतर ग्राहकांच्या वकिलांना पत्र काय पाठवलं, तर लोकांनी निष्काळजीपणे जुनेच पासवर्ड परत वापरले! टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक कोड मागणं) सक्तीचं केलं ते नोव्हेंबरमध्ये, सगळं होऊन गेल्यावर. २०२५ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २३ लाख १० हजार पौंडांचा दंड ठोकला, तो कंपनीला.

आता 'दुकानदार'. हे लागलं मला, लपवत नाही. वाटत फिरतात म्हणजे काय? प्रसाद आहे का तो?

२०११ पासून मी एसटी स्टँडसमोर हे दुकान चालवते. पीकविमा, स्कॉलरशिप, सीईटी, पॅनकार्ड, जे येईल ते. जूनमध्ये रांग रस्त्यापर्यंत जाते. समोर मावशी बसलेल्या, हातात बटणाचा फोन, आधारला नंबर पोराचा, पोरगा चाकणला कंपनीत, तिथे गेटवर मोबाइल जमा करून घेतात, म्हणजे ओटीपी सांगणार तो जेवणाच्या सुट्टीत आणि तोवर ओटीपी मेलेला. त्यात लाइट जाते. त्यात साइट म्हणते एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि किमान आठ अक्षरं पाहिजेत. काय लावू मी, सांगा ना? सुनीता@१२३ टाकलं की हिरवी पट्टी येते, 'स्ट्राँग'. ती पट्टी मी नाही बनवली. असला नियम ठेवला की अख्खा महाराष्ट्र हेच टाइप करणार हे ज्याने बनवली त्याला कळत नव्हतं का? नियम त्यांचा, पट्टी त्यांची, आणि गुन्हेगार कोण तर स्टँडसमोरची बाई.

आणि लावला समजा अवघड पासवर्ड, तर आठ दिवसांनी मावशी परत दारात, "ताई, काय होता गं तो?" म्हणून मी वही ठेवलीय, सगळ्यांचे त्यात लिहिलेले असतात. (हसा.) ड्रॉवरमध्ये असते, चौदा वर्षांत एकाचाही पासवर्ड त्या वहीतून गेलेला नाही. फेसबुकच्या मालकाचं ट्विटर खातं २०१६ मध्ये गेलं होतं, तो पासवर्ड लिंक्डइन ह्या नोकरीधंद्याच्या साइटच्या फुटलेल्या यादीतून मिळाला असं हॅकर सांगत होते, तिथे कुठे माझी वही होती?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक बघा एकदा. खात्यातून ऑनलाइन परस्पर पैसे गेले तर चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम त्यात बँकेवर टाकलंय. हो, ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, तेही लिहिलंय, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. तुमच्यासारखं एका झटक्यात 'कुलूप लावायचं होतंत' म्हणून मोकळे नाही झाले ते.

बाकी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप) फुकट मिळतो, टू-स्टेप दोन मिनिटांत लागतं, दुकानदारांनी तेवढं तरी शिकवावं वगैरे तुमच्या चार ओळी. असेल. एखाद्या सोमवारी बाजाराच्या दिवशी या आणि दोन मिनिटांत लावून दाखवा, चहा माझ्याकडून.

कमेंट उडवलेली नाही, आहे तशीच ठेवलीय, 'रडगाणं' सकट.

ता. क. ड्रॉवरला काल कुलूप बसवून घेतलं. त्याचा तुमच्या कमेंटशी काही संबंध नाही.