"पाच वर्षं वाट बघा" वाला मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की मूल बोलत नसेल तर घाबरू नका, मुलगे उशिराच बोलतात, कोणाचे तरी काका पाचव्या वर्षी बोलले, जिभेला वेखंड लावा, थेरपीवाले नुसते पैसे काढतात आणि पोराला कायमचा शिक्का बसतो. दोन वर्षांच्या लेकरांचे आईबाप हे वाचून खरंच थांबतात म्हणून लिहितेय.

मुलगे जरा उशिरा बोलतात हे खरंय, पण फरक काही आठवड्यांचा, फार तर महिना-दोन महिन्यांचा. दोन वर्षांचं मूल "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडत नसेल तर मुलगा असो की मुलगी, दाखवायचंच. काका बोलले, चांगलंच झालं, पण जे कधीच बोलले नाहीत त्यांचे किस्से कोण सांगतं, त्यांना तर घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवायचे.

वेखंडाचं म्हणाल तर अडचण बऱ्याचदा जिभेत नसतेच, कानात असते. आपण काय करतो, मागून ताटली आपटतो, पोर वळलं की झालं, ऐकू येतंय म्हणून सगळे खूश. अहो ताटलीचा आवाज केवढा मोठा, "स", "फ" असे बारीक आवाज पोचत नसतील तर ते त्यात कसं कळणार, आणि कधी कधी पोर नुसती सावली बघून वळतं. त्यासाठी बेरा नावाची कानांची टेस्ट असते, मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी चिकटवून करतात, दुखत बिखत नाही. खरं तर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत, कारण मेंदूचा ऐकण्याचा भाग पहिल्या तीन-चार वर्षांत आवाज ऐकूनच तयार होतो, नंतर कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) केलं तरी आवाज येतो पण शब्द नीट उलगडत नाहीत. मेसेज नेमकी हीच वर्षं वाया घालवायला सांगतोय.

कान ठीक निघाले तरी हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, हेही डॉक्टरांना सांगा.

शिक्क्याची भीती मला कळते. पण थेरपी सुरू करायला अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागत नाही, आणि निदान नाही झालं तर शाळेत "मठ्ठ" हा शिक्का बसतोच की.

पैशांचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात 18 वर्षांपर्यंत तपासणी आणि उपचार फुकट आहेत. त्यांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या अशा अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवतात. टीम कधी येणार ते अंगणवाडीच्या ताईंना उद्याच विचारा.