डब्यात अजून जागा आहे

साठी उलटली आणि गोळ्यांचा डबा अजून अर्धा रिकामा असेल, तर सोलापुरात तुम्हाला विचारतो कोण? लग्नाच्या पंगतीत शेजारचे अण्णा खिशातून आठ गोळ्या काढून पत्रावळीजवळ ओळीनं मांडतात आणि तुम्ही बीपीची एक गिळून गप्प बसता, हे बरं दिसत नाही. पण घाबरू नका. आठवर जायला आठ आजार लागत नाहीत. एक गोळी आणि थोडा धीर पुरतो.

सुरुवात ॲम्लोडिपिननं करा. बीपीची जुनी, स्वस्त, चांगली गोळी. काहींचे घोटे तिनं सुजतात. सूज गोळीची आहे, डोस कमी केला किंवा गोळी बदलली की उतरते, हे जाणत्या डॉक्टरला लगेच कळतं. म्हणून त्याच डॉक्टरकडं परत जायचं नाही. दुसरा गाठायचा, गोळीचा विषय काढायचा नाही, नुसते पाय पुढं करायचे. तो पाणी उतरवायची, म्हणजे आपल्याकडची लघवीची गोळी लिहून देईल. या सुजेवर ती फारशी चालत नाही, पण यादीत नाव तर वाढलं! आता वाट बघा. या जातीच्या बऱ्याच गोळ्या रक्तात युरिक ॲसिड वाढवतात. ते सांध्यात साचलं की एखाद्या रात्री पायाचा अंगठा असा ठणकेल की अंगावरची चादर सहन होणार नाही, आणि आपली चादर म्हणजे सोलापुरी, वजनाला कमी नाही.

सकाळी मेडिकलमध्ये जा. चिठ्ठी कशाला? पाकिटावर लाल रेघ आहे ती शोभेची समजा. 'दुखण्यावर चांगली द्या' म्हटलं की डायक्लोफेनॅक मिळतं. ठणका थांबतो. मात्र ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढवते, जठर खरवडते. बीपी चढलं म्हणून बीपीची आणखी एक, पोटात आग पडली म्हणून पित्ताची एक. मोजा की! एकाच्या पाच झाल्या आणि पहिल्या बीपीशिवाय आजार म्हणाल, तर सगळे गोळ्यांनीच दिलेले.

नवीन बीपीची गोळी टेल्मिसार्टन निघाली तर तुमचं नशीब जोरात. लघवीची, दुखण्याची आणि ही, असं त्रिकूट जमलं की तीन बाजूंनी किडनी घेरता येते. पहिली अंगातलं पाणी कमी करते, दुसरी किडनीत रक्त आणणारी वाट आवळते, तिसरी रक्त बाहेर नेणारी वाट सैल करते. मधे रक्त गाळायला लागतो तो दाबच उरत नाही. एकेकटी असताना यांच्यापैकी कुणी एवढा दंगा करेलच असं नाही. मुहूर्त मे महिन्याचा धरा. पारा 43 वर, दुपारी दोनला सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत पायी, आणि घरी आल्यावर जुलाब. अशा वेळी 'या गोळ्या दोन दिवस थांबवू का?' असं डॉक्टरांना फोन करून विचारणारी माणसं असतात. तुम्ही त्यातले नाही. तुम्ही अंग मोडून आलं म्हणून आणखी एक डायक्लोफेनॅक घेता.

मिठाचंही बघायला हवं. शेंगाचटणी सोडणं सोलापूरकराला जमणार नाही, हे मान्य. मग सूनबाई आरोग्य जपणारं 'लो सोडियम' मीठ आणतात. त्यात सोडियमची जागा बहुधा पोटॅशियमनं घेतलेली असते, आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगातून सहज जाऊ देत नाही. ते फार साठलं की हृदयाचे ठोके चुकतात. सुनेला बोलू नका, तिनं प्रेमानं आणलंय.

डॉक्टरांची वाटणी मात्र नीट करा. शुगरचे जुळे सोलापुरात, हाडांचे होटगी रोडला, आणि हृदयाचे पुण्याला, पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री परत. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, त्यांना वाईट वाटतं. यातून मोठी सोय होते. पुण्याच्या निळ्या पाकिटात आणि सोलापूरच्या हिरव्या पाकिटात शुगर उतरवणारं एकच औषध, ग्लिमेपिराइड, असू शकतं, वरची नावं वेगळी. खालची बारीक अक्षरं वाचली तर कळेल, म्हणून चष्मा दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन्ही घेतल्यावर मध्यरात्री शुगर कोसळते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो. घरचे साखर शोधायच्या आधी लिंबू-मिरची शोधतात.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात घ्या. चार तासांचं अंतर कोण मोजतंय?

झाडपाल्याचं असलं की डॉक्टरला सांगायचं नसतं, हा तर आपल्याकडचा कायदाच. खोकल्याला महिनोन्‌महिने ज्येष्ठमध चघळा. जास्त झालं की तेही बीपी चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं, पण साडूनं दिलंय म्हणजे साइड इफेक्ट नसणारच.

आणि एका गोळीचं नाव चारचौघांत घेत नाहीत. बायकोसमोर नाही, डॉक्टरसमोर तर नाहीच. ही लाज जिवापाड जपा. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट दिलेलं असतं. 24 तासांच्या आत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, घेतलंय हे कुणाला ठाऊक नसलं, तर दोन्ही मिळून बीपी इतकं खाली नेतात की माणूस उठत नाही. लाज राहते.

काहींना एवढं वाचून वेगळीच स्फूर्ती येईल: उद्यापासून सगळ्या गोळ्या बंद! फार छान. हृदयाची आणि बीपीची गोळी मेटोप्रोलॉल एकदम सोडली की छातीचं दुखणं दुप्पट जोमानं परत येऊ शकतं.

टाळायची गोष्ट खरं तर एकच आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, मलमं एका पिशवीत भरून वर्षातून दोनदा एकाच फिजिशियनच्या टेबलावर ओतायची नाहीत. हा इसम पाकिटं उलटी करून वाचतो, कोणती गोळी कशासाठी ते विचारतो आणि दोन-चार चक्क कमी करतो. गोळी कमी करणाऱ्याला फी द्यायची म्हणजे काय! तसंच 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर. औषधाचे दुष्परिणाम नोंदवायचा देशव्यापी कार्यक्रम 2010 पासून चालू आहे आणि पेशंटही स्वतः कळवू शकतो. पण आपली पद्धत वेगळी, आपण गच्चीवरून शेजारच्या वहिनींना कळवतो. त्या त्यांच्याकडची एक गोळी देतात.

हे सगळं मन लावून केलंत की एके रात्री कॅज्युअल्टीत पोचाल. तिथली तरुण डॉक्टर विचारेल, 'कोणत्या गोळ्या चालू आहेत, काका?' शांतपणे सांगा, 'एक पांढरी, छोटी.' मुलगा म्हणेल, 'नाही, गुलाबी.' यावर दोघांनी वाद घाला. डबा घरी आहे, चिठ्ठ्या पुण्याच्या फायलीत, आणि फाइल कपाटात. त्या पोरीला बिचारीला रक्त-लघवी तपासून अंदाज बांधू द्या. चार दिवसांनी घरी सोडतील तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर तीन नवी नावं असतील. जुन्यांपैकी कोणती बंद करायची, हे विचारायला थांबू नका. रिक्षावाला बाहेर उभा आहे आणि त्याचं मीटर चालू नसलं तरी तोंड चालू आहे.