जड बफर टाकला की झटका निम्मा? हिशेब मांडून बघू

एआर-१५ धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींबद्दल एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मतितार्थ असा: "बफर असतोच झटका कमी करायला. साधा कार्बाइन बफर काढा, एच३ टाका, झटका निम्म्यावर येतो. जितका जड तितका चांगला, रायफल कुठलीही असो. पुंगळी चार वाजताच्या दिशेला पडली की जमलं. आणखी मऊ हवं असेल तर हायड्रॉलिक घ्या. पाच मिनिटांचं काम आहे."

बफर म्हणजे दस्त्याच्या आतल्या ट्यूबमध्ये स्प्रिंगपुढे बसणारं वजन. गोळी सुटल्यावर बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) घेऊन कॅरिअर मागे येतो तो या वजनाला ढकलत, आणि मग स्प्रिंग दोघांना पुढे पाठवते. एच, एच२, एच३ हे त्याचे चढत्या वजनाचे प्रकार. चार वाजता म्हणजे नळीचं तोंड बारावर धरून उजवीकडे, थोडं मागे.

यातलं काहीच खरं नाही असं मी म्हणत नाही. पण जे खरं आहे ते भलत्याच कारणाने खरं आहे, आणि त्यामुळेच लोक नको तो बफर विकत घेतात.

"झटका निम्म्यावर येतो"

शाळेत बंदुकीच्या प्रतिक्षेप वेगाचं गणित सगळ्यांनी केलेलं असतं. तेच इथे करू. साधारण ३.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९७० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिच्यामागून दीड-पावणेदोन ग्रॅम पावडरीचा वायू गोळीपेक्षाही जास्त वेगाने बाहेर पडतो. दोन्हींचा संवेग मिळून ५.५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंदाच्या घरात जातो. रायफल ३.२ किलोची धरली तर ती सुमारे १.७२ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते.

आता बफर बदला. साधा कार्बाइन बफर असतो ८५ ग्रॅमचा, एच३ साधारण १५५ ग्रॅमचा. म्हणजे रायफलीत ७० ग्रॅमची भर पडली. नवा वेग १.६८. फरक दोन टक्के! एवढं वजन तर मॅगझिनमध्ये सहा काडतुसं जास्त भरली तरी वाढतं.

संवेग अक्षय्य असतो. गोळी आणि वायू पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जातात, तेवढा खांद्याला मिळणारच. तो खरोखर कमी करायचा तर वायूची दिशा बदलावी लागते (नळीच्या तोंडावर बसणारा मझल ब्रेक तेच करतो), काडतूस सौम्य घ्यावं लागतं किंवा रायफलच जड करावी लागते. बफर यांतलं काही करत नाही. शिवाय गोळी नळीत असते जेमतेम एक मिलिसेकंद. त्यानंतर कुठे बोल्ट उघडतो आणि कॅरिअर मागे सरकायला लागतो. पहिला धक्का बसतो तेव्हा बफर जवळपास जागेवरच असतो.

मग लोकांना फरक जाणवतो तो खोटा का? नाही, जाणवतो. खांद्याला मिळणारा धक्का एकसंध नसतो. आधी गोळी आणि वायूचा ढकला, मग कॅरिअर आणि बफर मागे जाऊन ट्यूबच्या तळाशी आदळतात तो ठोका, आणि शेवटी सगळं पुढे येऊन बोल्ट बंद होतो तेव्हा नळीला बसणारा हिसका. बफर बदलून तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्याशी खेळता, पहिल्याशी नाही.

दुसऱ्या ठोक्यात फरक चांगलाच पडतो. बोल्टसकट कॅरिअर ३२० ग्रॅमच्या आसपास असतो. साध्या बफरसह मागे जाणारं एकूण वस्तुमान ४०५ ग्रॅम, एच३ घेतला की ४७५. गॅसने (नळीतल्या छिद्रातून कॅरिअरकडे वळवलेल्या वायूने) तेवढाच ढकल दिला तर वेग सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो, ऊर्जाही तेवढीच उतरते. स्प्रिंग दोन्ही वेळी आपला वाटा सारखाच खाते, म्हणून तळाशी आदळायला उरते ती ऊर्जा त्याहूनही कमी. ज्या रायफलीत गॅस गरजेपेक्षा जास्त येतो तिथे हा बदल खांद्याला नक्की कळतो. ठोका गेला आणि ढकला राहिला, म्हणजे झटका निम्मा झाला असं नव्हे.

"जितका जड तितका चांगला"

सल्ल्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच, कारण यात परतीचा प्रवास कोणी मोजलेलाच नाही. पुढे येताना कॅरिअरला ढकलते स्प्रिंग. तिच्यात साठलेली ऊर्जा दोन्ही बफरना सारखीच मिळते. तेवढ्याच ऊर्जेवर जास्त वस्तुमान हललं तर वेग कमी होतो पण संवेग वाढतो. ४०५ वरून ४७५ वर गेलात तर सुमारे आठ टक्क्यांनी. म्हणजे बोल्ट बंद होताना नळीचं तोंड खाली ओढणारा हिसका जड बफरने वाढतो. भराभर दोन गोळ्या झाडणाऱ्याला हाच हिसका नडतो. नेम धरायचा ठिपका वर जाऊन परत येतो तो लक्ष्याच्या खाली घसरतो. म्हणूनच स्पर्धेतले बरेच नेमबाज अगदी उलट्या वाटेने जातात: हलका कॅरिअर, हलका बफर, आणि गॅस कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक. आधी गॅस आवरायचा, मग हलणारं वजन उतरवायचं. यात चूक झाली तर रायफल अडकते, हेही तितकंच खरं. पण वजन हाच एकमेव उपाय नाही, हे यावरून कळावं.

दुसरं म्हणजे जड बफरला मागे ढकलायला गॅस लागतो. तो पुरला नाही तर कॅरिअर अर्ध्यातून परततो. कधी पुंगळी बाहेर पडत नाही, कधी नवं काडतूस उचललं जात नाही. सुरुवातीची खूण याहून साधी आहे: शेवटची गोळी झाडल्यावर बोल्ट मागे अडकून राहायला हवा, तो राहत नाही. तेल ताजं, हवा उबदार आणि काडतूस दमदार असेल तर सगळं सुरळीत चालतं. कचरा साचला, थंडी पडली, सौम्य काडतूस आलं की तीच रायफल रुसते.

"रायफल कुठलीही असो"

गॅस किती येतो ते रायफलीगणिक बदलतं. नळीवरचं गॅसचं छिद्र कार्बाइन मांडणीत चेंबरच्या (काडतूस बसतं त्या कप्प्याच्या) बाजूने सुमारे ७ इंचांवर असतं, मिड-लेंग्थमध्ये ९ आणि रायफल-लेंग्थमध्ये १२ इंचांवर. छिद्र जितकं जवळ तितका तिथला दाब जास्त. शिवाय छिद्राचा व्यास आणि त्याच्या पुढे उरलेली नळीची लांबी यांवरही गणित फिरतं. आखूड मांडणी आणि मोठं छिद्र असेल तर एच२ शोभून दिसतो. रायफल-लेंग्थ आणि नेमकं छिद्र असेल तर तोच बफर ओझं होतो. बनवणारे बरेचदा छिद्र मुद्दाम थोडं मोठं ठेवतात, म्हणजे हलक्या काडतुसावरही तक्रार येत नाही. एच बफर टाकून "जादू झाली" म्हणणाऱ्या पुष्कळांनी खरं तर हा जादाचा गॅस आवरलेला असतो.

९ मिमीच्या साध्या ब्लोबॅक कार्बाइनचं प्रकरण मात्र पूर्ण वेगळं. तिथे बोल्टला कुलूपच नसतं. दाब उतरेपर्यंत चेंबर बंद राहतं ते बोल्ट आणि बफरच्या जडत्वावर, स्प्रिंगची थोडी मदत धरून. तिथे जड बफर ही गरज आहे. हलका टाकलात तर बोल्ट लवकर उघडून पुंगळी फाटण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी तुमचा चेहरा रायफलीच्या जवळच असतो. ब्लोबॅकवाल्यांचा अनुभव गॅसवाल्या रायफलींना लावायचा, आणि तो सगळ्यांना लागू म्हणून पुढे ढकलायचा, या सल्ल्याचा उगम बहुधा तिथेच असावा.

"बफर असतोच झटका कमी करायला"

नाव तसं आहे, काम तेवढंच नाही. १९६०च्या दशकात व्हिएतनाममध्ये एम१६ (एआर-१५चं लष्करी रूप) अडकायला लागली, त्यामागच्या कारणांत पावडर बदलली हेही एक होतं. बॉल पावडरने गोळीबाराचा दर ठरलेल्या मर्यादेच्या वर नेला आणि भागांवर ताण वाढला. १९६६च्या सुमारास नवा, जड बफर आला तो दर खाली आणायला आणि बोल्ट बंद होताना उसळी मारतो ती थांबवायला. सैनिकाचा खांदा हा तिथे विषयच नव्हता.

त्या बफरची रचना आजही तीच आहे. कानाजवळ धरून हलवला तर आत खडखड ऐकू येते. पोकळीत सुटी वजनं असतात, मध्ये रबराच्या चकत्या. बोल्ट पुढे येऊन थांबतो, पण आतली वजनं क्षणभर मागून येऊन ठोकतात आणि उसळी दबली जाते. साध्या कार्बाइन बफरमधली तिन्ही वजनं पोलादाची. एच म्हणजे त्यातलं एक टंगस्टनचं, एच२ म्हणजे दोन, एच३ म्हणजे तिन्ही. एका अदलाबदलीत साधारण २३ ग्रॅम वाढतात: ८५, १०८, १३०, १५५. एकाच बफरमध्ये वजनं बदलून हे सगळे टप्पे करता येतात, चार बफर घ्यायची गरज नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दर गोळीला ट्रिगर नव्याने दाबावा लागतो, म्हणून बोल्टच्या उसळीचा त्रास पूर्ण ऑटोमॅटिकइतका होत नाही.

"पुंगळी चार वाजता पडली की जमलं"

ढोबळ खूण म्हणून ठीक. पुंगळ्या एक-दोन वाजताच्या दिशेला, पुढे फेकल्या जात असतील तर कॅरिअर बहुधा घाईत आहे. पाचच्या पलीकडे मागे जात असतील तर रखडतोय. पण इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी चेंबरमधून ओढणाऱ्या आकड्याचा) ताण आणि डिफ्लेक्टरवर (पुंगळी वळवणाऱ्या उंचवट्यावर) आपटण्याचा कोन यांतलं काहीही बदललं तरी दिशा बदलते. इजेक्टरची स्प्रिंग थकलेली असेल तर गॅस कितीही असो, पुंगळी मलूल पडते.

त्यापेक्षा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, तुम्ही वापरणार असाल त्यातलं सगळ्यात सौम्य, आणि झाडल्यावर बोल्ट मागे अडकतो का ते पाहा. पुन्हा पुन्हा करा. रायफल मळलेली असताना करा. एवढं करूनही बोल्ट दर वेळी अडकत असेल तर एक पायरी जड जाऊन बघा. एकदाही हुकला तर एक पायरी उतरा. आणि मऊ वाटतं की नाही हे ठरवायचं असेल तर बफर दुसऱ्याने बसवावा, कुठला ते सांगू नये. पैसे खर्च केलेला खांदा निष्पक्ष साक्षीदार नसतो.

"हायड्रॉलिक घ्या"

तेल भरलेला बफर वेगाला विरोध करतो, त्यामुळे तळाशी आदळणं छान मऊ होतं. ब्लोबॅक कार्बाइनमध्ये पैसे वसूल होतात. पण सील गळू शकतं, थंडीत तेल घट्ट होतं, आणि गॅसचा मूळ घोळ झाकला जातो. एके-४७ धाटणीच्या रायफलींच्या रिसीव्हरमध्ये (यंत्रणेच्या पेटीत) मागे बसवायच्या पॉलियुरेथेनच्या चकत्यांबद्दल तर मी सरळ नाही म्हणेन. त्या कॅरिअरचा मागचा प्रवास खातात, आणि झिजल्यावर त्यांचे तुकडे ट्रिगरच्या यंत्रणेत पडतात. रुगर १०/२२ या .२२च्या रायफलीत पोलादी बोल्ट-स्टॉप पिनेऐवजी प्लास्टिकची बसवणं मात्र बिनधोक आणि स्वस्त, खटखट कमी होते.

"पाच मिनिटांचं काम"

काम पाच मिनिटांचंच आहे, मॅगझिन काढून आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासून झाल्यावर. स्प्रिंग दाबलेली असते, डोळ्यांना चष्मा असू द्या. फक्त बफर काढलाच आहात तर आधी स्प्रिंग मोजा. लष्करी मोजमापानुसार कार्बाइनची स्प्रिंग मोकळी ठेवल्यावर १०.०६ ते ११.२५ इंच भरायला हवी, रायफलची ११.७५ ते १३.५. त्याहून आखूड भरली तर बफर तसाच ठेवा, नवी स्प्रिंग टाका. ठोका बरेचदा तिथेच आवरतो. आणि लांबी जुळवा. कार्बाइन बफर ३.२५ इंचांचा, रायफलचा ५.९ इंचांचा. आखूड बफर लांब ट्यूबमध्ये मोकळा टाकला तर कॅरिअर गरजेपेक्षा मागे जातो, आणि त्याच्या डोक्यावरची गॅस की (गॅस आत घेणारं नळकांडं) रिसीव्हरच्या मागच्या कड्यावर जाऊन आदळते.