लॉगबुक खरं आणि खलाशी खोटा?

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: ‘सागरी लढायांचा इतिहास लॉगबुकावरूनच, म्हणजे जहाजावरच्या रोजच्या नोंदवहीवरूनच लिहावा. नौसैनिकांच्या आठवणी म्हणजे रंगवलेले किस्से. शत्रूच्या खलाशांची साक्ष मोडीत काढावी आणि पन्नास वर्षांनी सांगितलेलं तर ऐकूच नये.’

आधी लॉगबुक. जहाजाबरोबर तेही बुडतं! २४ मे १९४१ रोजी ब्रिटनची ‘हूड’ ही युद्धनौका लढाईत काही मिनिटांत बुडाली. १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. पहिल्या चौकशी मंडळाने साक्षी शब्दशः नोंदवल्या नाहीत म्हणून टीका झाली. दुसऱ्या मंडळाने मग दीडशेहून अधिक प्रत्यक्षदर्शींना विचारलं. एरवीही लढाईनंतरचा अहवाल वाचलेल्यांना विचारूनच तयार होतो. टाइप होऊन खाली सही आली की तीच आठवण ‘पुरावा’ म्हणवते.

शत्रूची साक्ष म्हणाल, तर ‘सिडनी’चं उदाहरण घ्या. ही ऑस्ट्रेलियन क्रूझर (वेगवान युद्धनौका) १९ नोव्हेंबर १९४१ रोजी ‘कोर्मोरान’शी लढताना बुडाली. व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेली ती जर्मन युद्धनौका होती. ‘सिडनी’वरचे सगळे ६४५ जण गेले, ‘कोर्मोरान’चे तीनशेहून अधिक वाचले. ते सांगत राहिले: सिडनी फार जवळ आली, टॉर्पेडो तिच्या पुढच्या तोफांपाशी लागला, मग ती जळत दूर गेली. ऑस्ट्रेलियात अनेकांना हे पटेना. अनुभवी कॅप्टन एवढ्या जवळ जाईलच कशाला? त्यातून तिला जपानी पाणबुडीने बुडवल्याच्या वावड्या उठल्या, त्या कित्येक दशकं टिकल्या. मार्च २००८ मध्ये दोन्ही जहाजांचे अवशेष सापडले. सिडनीचा पुढचा भाग तुटलेला होता आणि बाकीचे घावही जर्मनांच्या सांगण्याशी जुळले.

उशिरा सांगितलेल्या आठवणींचं काय? अमेरिकेची ‘इंडियानापोलिस’ ही क्रूझर ३० जुलै १९४५ रोजी बारा मिनिटांत बुडाली. ती नेमकी कुठे, हे सत्तर वर्षं कळत नव्हतं. बुडण्याच्या आदल्या दिवशी आपलं जहाज तिच्याजवळून गेलं होतं, ही एका खलाशाची आठवण २०१६ मध्ये नौदलाच्या इतिहासकाराच्या नजरेस पडली. नोंदी तपासल्यावर ते जहाज म्हणजे रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं एलएसटी-७७९ ठरलं, शोधाची जागा पश्चिमेकडे सरकली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अवशेष सापडले. आठवणीने कुठे बघायचं ते सांगितलं, कागदाने ते पक्कं केलं. त्या मजकुराने लावलेलं भांडण या दोघांत नव्हतंच.

वेळ आणि अंतर मात्र आठवणीत हमखास घसरतं, ते मान्य. जहाजाच्या पोटात, बॉयलर रूममध्ये असलेल्याला फक्त हादरा कळतो. शत्रूचं जहाज त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून मुलाखत घेणारा जाणता असेल तर आधी विचारतो: तुमची ड्यूटी कुठे होती, आणि यातलं स्वतः किती पाहिलंत?